थांबायचा हुकूम

समर्थच्या पोटातली गाठ पहिल्यांदा हाताला लागली ती त्याच्या आईच्या, श्रेयाच्या. त्या उन्हाळ्यात पाण्याचे असे हाल होते की चार वर्षांच्या पोराला परातीत बसवायचं, तांब्या-तांब्यानं आंघोळ घालायची आणि परातीतलं पाणी पुन्हा संडासाला वापरायचं. साबण लावताना डाव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागलं. तिनं दाबलं तर पोरगं खिदळलं, गुदगुल्या झाल्या म्हणून. पुन्हा दाबून पाहिलं आणि तसंच ओलं पोर कडेवर मारून ती ओट्यावर सासूकडं आली.

सासू म्हणजे सारजाबाई. ज्वारी निवडत बसली होती. हात लावला न लावला आणि म्हणाली, "पोटातली पाणथरी वाढली असंल. पोट साफ नाय त्याचं. एरंडेल दे चमचाभर."

श्रेयानं एरंडेल दिलं नाही. नवरा सत्यम कंपनीतून आल्या आल्या ती म्हणाली, "अहो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला." आणि बरं झालं ती म्हणाली. सोनोग्राफीवाल्यानं पडद्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं आणि एक शब्द न बोलता मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं. डाव्या मूत्रपिंडात गाठ होती, पोराच्या मुठीपेक्षा मोठी.

हे घर मूळचं सोयगाव तालुक्यातलं. शेती बरी, खाऊनपिऊन सुखी. पण लागोपाठ पाऊस रुसला, विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा श्रेयाचा सासरा सांडू म्हणाला, पोराची नोकरी शहरात, आपण इथं ढेकळं मोजत कशाला बसायचं. चिकलठाण्याच्या मागं, विमानतळाच्या अंगाला, शेतातच प्लॉट पडत होते. तिथं त्यानं घर बांधलं. बघता बघता चहूबाजूंनी घरं उठली, मोबाईलचे टॉवर आले, केक-शॉप आलं, डोक्यावरून विमानं जाऊ लागली. नळ तेवढा आला नाही. आठवड्याला टँकर यायचा आणि तो चुकला की शेजारणीच्या तोंडाकडं बघत बसायचं.

आणि सगळ्या गोष्टीचं मूळ त्या टँकरात आहे. पण ते नंतर.

हॉस्पिटलातली डॉक्टर मृण्मयी श्रेयापेक्षा थोडीच मोठी असेल. शहरातल्याच शिकल्यासवरल्या घरातली, बोलणं स्वच्छ, मन चांगलं. तुकडा काढून तपासल्यावर तिनं सगळ्या घराला आपल्या खोलीत बोलावलं. दुसरे डॉक्टर उभ्या उभ्या सांगून मोकळे होतात. हिनं सगळ्यांना खुर्च्या दिल्या, कागद पुढं ओढला आणि त्यावर एक घर काढलं.

"बाळ पोटात असतं तेव्हा त्याचा एकेक अवयव बांधला जातो," ती म्हणाली. "त्या बांधकामाचे हुकूम आपल्या जनुकांमध्ये असतात. काही जनुकं म्हणतात, वाढा, भराभर वाढा. मग दुसरी म्हणतात, बस, आता थांबा, मूत्रपिंड बना आणि कामाला लागा. त्यानंतर ती वाढा म्हणणारी जनुकं गप्प होतात. बहुतेक जन्मभर. घर झालं की गवंडी निघून जातात ना, तसं."

सांडूनं आयुष्यात एकच घर बांधलं होतं, पण गवंड्यांचा त्याला चांगला अनुभव होता. "आन् नाय गेले तर?" त्यानं विचारलं.

"तेच झालंय, आजोबा. समर्थच्या मूत्रपिंडातले काही गवंडी गेलेच नाहीत. थांबायचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचला नाही. बाळ अजून पोटातच आहे असं समजून ते भिंतीवर भिंत रचत बसलेत. ही गाठ बाहेरून आलेली नाही. ज्या हुकमांवर समर्थ घडला, त्याच हुकमांवर ती वाढते आहे. आपण आधी औषधांनी तिला लहान करू, मग ऑपरेशन करून ते मूत्रपिंड काढू. दुसरं चांगलं आहे. बहुतेक मुलं यातून बरी होतात."

गाठ हाताला लागल्यापासून श्रेयाला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. ती बारावी सायन्स. पुढं शिकायचं होतं, मुकुंदवाडीच्या, माहेरच्या घरात वह्या-पुस्तकं बांधून ठेवली होती, तेवढ्यात स्थळ आलं आणि राहिलं ते राहिलंच. पण गर्भाची आकृती तिनं पेन्सिलीनं किती वेळा काढली होती! डॉक्टरचं बोलणं तिला लख्ख कळलं. कुणाची नजर नाही, कुणाचा शाप नाही. एक हुकूम पोचला नाही, बस. लेकरू बरं होणार होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

तेवढ्यात सारजाबाईनं विचारलं, "म्हंजी बाई, हे पोटातच झालं?"

"हो आजी," डॉक्टर म्हणाली. "सुरुवात पोटातच होते."

सारजाबाईनं मान हळूहळू वळवली आणि सुनेकडं पाहिलं. डॉक्टरनं पेनाला टोपण लावलं, आपण छान समजावलं म्हणून तिला समाधान वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

घरी आले तर शेजारची आशाबाई विचारपूस करायला हजर. या बाईला कॉलनीतलं सगळं ठाऊक असायचं, कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या होतात तेसुद्धा. सारजाबाईनं डोळ्यांना पदर लावून सांगितलं, "पोटातच बिघाड झाला म्हणती डाक्टरीण. जन्माच्या आधीच."

"पोटात?" आशाबाईनं हनुवटीवर बोट ठेवलं. मग एकदम म्हणाली, "अगं बया! ही पोटुशी असताना गिराणात टँकरवर आली नव्हती का? मी माझ्या डोळ्यानं बघितलं की. तवाच म्हणलं, काय पोरगी हाय, जिवाचं तरी भ्याव असावं."

ग्रहणाचं नाव निघताच सत्यमनं बायकोकडं पाहिलं. "गिराणात बाहेर गेली व्हतीस तू?"

आणि श्रेया तोंड उघडायच्या आत सारजाबाई म्हणाली, "मी नगं नगं म्हणत व्हते, बाबा. शिकलेली हाय ना ती. ऐकतंय कोण?"

श्रेया बघतच राहिली. माणूस इतकं सरळ खोटं बोलू शकतं? तेही देवाच्या फोटोखाली बसून?

झालं होतं ते असं. त्या सालच्या हिवाळ्यात सूर्यग्रहण होतं, सकाळचं. श्रेयाला पाचवा महिना. सारजाबाईनं आदल्या दिवशीपासून सगळी तयारी केली होती. दुधात, लोणच्यात तुळशीची पानं, खिडकीला चादर, सुनेला आतल्या खोलीत सतरंजीवर सरळ निजवलेलं. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाय दुमडायचा नाही. स्वतः माळ घेऊन जपाला बसली. सत्यम कंपनीत, सांडू गावाकडं. आणि ऐन ग्रहणात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. टँकरवाल्याला कुठलं आलंय ग्रहण! त्याचा दिवस ठरलेला, तो आला.

सारजाबाई दारात आली. "ऊठ गं," म्हणाली. "ड्रम भरून घे. मी जपात हाय, मला उंबरा वलांडता येत नाय."

"आत्याबाई, गिराण चालूय ना," श्रेया म्हणाली. तिला स्वतःला ग्रहणाचं काही नव्हतं, पण कालपासून याच बाईनं कूस बदलू दिली नव्हती.

"आगं, गिराण सुटलं की घरातलं समदं पाणी फेकावं लागतंय. मंग आंघोळी कशानं करायच्या? पारोसं बसायचं का आठवडाभर? जा. वर बघू नको म्हंजी झालं."

म्हणजे बघा. ग्रहण सुटल्यावरच्या आंघोळीला पाणी पाहिजे, म्हणून पोटुशी सून ग्रहणात बाहेर. सारजाबाईनं तिच्या पोटावरून पदर घट्ट ओढला, कमरेला तुळशीचं पान खोचलं आणि तिला बाहेर काढलं. श्रेयानं पाईप धरला, ड्रम भरला, वर पाहिलं नाही. आत आल्यावर सासूनं त्या ड्रममध्येही तुळशीचं पान टाकलं, आणि ग्रहण सुटल्यावर दोघींनी त्याच पाण्यानं आंघोळी केल्या. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

आता आशाबाईच्या देखत श्रेयानं एवढंच म्हणायला हवं होतं, की मला पाठवलं कुणी ते विचारा. पण ती पडली शिकलेली. तिला वाटलं, ग्रहणाचा आणि गाठीचा संबंधच नाही, तर कुणी पाठवलं यावर भांडायचं कशाला? भांडलं म्हणजे आपणही ते मानलं असं होतं. ती म्हणाली, "अहो, गिराणाचं काही नसतं. डॉक्टरनी सांगितलं ना, जनुकांचं असतं ते."

"म्हंजी गेली व्हतीस," सत्यम म्हणाला. त्याला तेवढंच ऐकू आलं.

वॉर्डात पोरापाशी एकाच माणसाला बसता यायचं. औषधं सुरू झाली की मुलांच्या अंगातली ताकद जाते, साधी सर्दी महागात पडते, म्हणून एका मुलामागं एकच पास. तो पास श्रेयाचा, यात कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. पण पहिल्या औषधाच्या दिवशी सकाळी सत्यम खाली बघत म्हणाला, "पास मायजवळ दे. माय बसंल."

"का?"

"माय म्हणती, तुझी सावली नगं पडायला. औषध लागू व्हायचं नाय."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? पोरगं बरं व्हावं वाटतं. उगं रिस्क कशाला घ्यायची?"

रिस्क! आईनं लेकराजवळ बसण्यात रिस्क! श्रेयाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण वॉर्डाच्या दारात भांडण झालं की पोर घाबरेल म्हणून तिनं पास सासूच्या हातावर ठेवला. तिथंच तिचं चुकलं.

मग सुरू झालं तिचं पार्किंगमधलं जिणं. लिंबाच्या झाडाखाली सतरंजी, शेजारी डबा. वर तिच्या लेकराला सलाईनमधून औषध चढायचं, ते उलट्या करायचं, आणि ती खाली बसून खिडक्यांतली आपली कोणती ते ओळखायचा प्रयत्न करायची. सुरुवातीला समर्थ मम्मी मम्मी करून रडायचा, हे तिला वॉर्डातल्या मावशीनं सांगितलं. मग सांगितलं की आता रडत नाही. ते ऐकून तिला बरं वाटायला पाहिजे होतं. उलट ती रडली.

कारण सारजाबाई काही वाईट सांभाळत नव्हती, हेही सांगायला पाहिजे. म्हातारीनं स्वतःचं जेवण-झोप सोडलं होतं. पोराच्या तोंडात फोड आले तेव्हा ती मुगाचं पाणी बोटानं चाटवायची. त्याचे केस गळाले तेव्हा तिनं ते पदरात गोळा केले. एकदा दोन मिनिटं श्रेयाला आत सोडलं, तर टकलं पोर आजीच्या कमरेला मिठी मारून बसलेलं. "मम्मी, तू जा," म्हणालं. "आजी म्हणली तू आलीस की बाऊ वाढतो."

श्रेया जिना उतरली. ती तशीच डॉक्टर मृण्मयीच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. एवढं मात्र सांगितलं नाही, की टँकरवर पाठवलं कुणी. अजूनही तिला ते महत्त्वाचं वाटत नव्हतं.

डॉक्टर चिडली. तिनं सत्यमला आणि सारजाबाईला बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. ज्यांनी सगळं कडक पाळलं त्यांच्या मुलांनाही ही गाठ होते. हे पेशींच्या आतलं आहे. यात कुणाचीही चूक नाही. आईची तर नाहीच नाही. मुलाला आई हवी असते."

"व्हय म्याडम," सारजाबाई म्हणाली.

"पटलं ना?"

"व्हय व्हय. तुमी सांगता म्हंजी बरोबरच असंल."

दाराबाहेर आल्यावर सारजाबाई म्हणाली, "तिला काय व्हतंय सांगायला. तिचं लेकरू हाय का ते?" आणि सत्यम, ज्याच्याकडून श्रेयाला थोडीतरी आशा होती, तो म्हणाला, "कुणाचीच चूक नाय असं कसं असंल? एवढं मोठं झालं, आन् कुणाचीच चूक नाय? कायतरी झालंच असंल ना."

तेव्हा श्रेयाला कळलं की डॉक्टरनं कितीही घरं काढली तरी उपयोग नाही. या माणसांना गाठीचं कारण नको होतं. त्यांना माणूस पाहिजे होतं.

औषधानं गाठ आक्रसली. ऑपरेशनचा दिवस ठरला. श्रेयानं मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी ऑपरेशनच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर जायचं, त्याचा हात हातात धरून. पास गेला तर गेला, त्या दिवशी कुणी अडवणार नाही. पण आदल्या सकाळी सत्यमनं तिची कपड्यांची पिशवी ओट्यावर आणून ठेवली. समर्थला एक दिवस घरी सोडलं होतं. तो आत आजोबांजवळ कार्टून बघत होता.

"ऑपरेशन होईस्तोवर मुकुंदवाडीला ऱ्हा," सत्यम म्हणाला. "तुझ्या मायकडं. मी येतो न्यायला."

"कवा?"

"बघू. त्याचं समदं नीट झालं की."

सारजाबाई दारात उभी होती. आशाबाई कुंपणावर वाळत घातलेलं एकच फडकं कधीची झटकत होती. श्रेयानं पिशवीकडं पाहिलं. उद्या पोराला आत नेतील, तो मान वळवून बघेल आणि आपण मुकुंदवाडीत मायच्या घरी भाकरी खात बसलेलो असू. तिच्या डोक्यात काहीतरी तुटलं. डॉक्टरचे गवंडी, जनुकं, हुकूम, सगळं तिनं एका बाजूला लोटलं.

"व्हय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "गिराणानंच झालं. तुमचंच खरं. मी मानते आता. लेकराला गिराण लागलं. पण मला गिराणात टँकरवर धाडलं कुणी, ते विचारा तुमच्या मायला."

सत्यमला कळेना. "काय?"

"मी सतरंजीवर निजले व्हते. उठवलं कुणी? माझ्या कमरेला तुळशीचं पान खोचलं कुणी? विचारा."

"पान व्हतं," कुंपणापलीकडून आशाबाई म्हणाली. तिला राहवतंय कुठलं! "म्या बघितलं. कमरेला व्हतं हिच्या."

सांडू बाहेर आला होता. तो बायकोकडं बघत राहिला. श्रेयाला वाटलं, आता सासू कांगावा करेल, छाती पिटेल, खोटारडी म्हणेल. ती त्या सगळ्याला तयार होती. पण सारजाबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. हे तिला कुणी नव्यानं सांगत नव्हतं. डॉक्टरच्या खोलीत, पोटातच झालं हे ऐकलं त्या घडीपासून ते तिच्या छातीवर बसलं होतं, आणि ते सहन होईना म्हणून तिनं ते सुनेच्या अंगावर लोटलं होतं.

"आंघोळीला पाणी लागणार व्हतं ना," ती म्हणाली. एवढंच.

सांडू चप्पल घालून बाहेर निघून गेला. सत्यमनं आईच्या कनवटीचा पास मागून घेतला, तिनंही मुकाट्यानं दिला, आणि त्यानं तो श्रेयापुढं धरला. श्रेयानं तो घेतला. जिंकली म्हणायची. आणि त्याच क्षणी तिला आपली अशी किळस आली की पास फेकून द्यावा वाटलं. बारावीची ती आकृती, तो लख्ख कळलेला हुकूम, सगळं तिनं चुलीत घातलं होतं. पण पास तिनं फेकला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी समर्थचा हात तिच्या हातात होता. तो रडला, पण आजीसाठी. सारजाबाई तेव्हा सोयगावच्या एसटीत बसली होती. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. तिचं तीच म्हणाली, माझी सावली नगं त्याच्यावर, आणि गेली. सुनेसाठी केलेला नियम म्हातारीनं स्वतःला लावला तेव्हा त्यात तसूभर सूट घेतली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. मूत्रपिंडासकट गाठ निघाली, पसरली नव्हती. शुद्धीवर आल्यावर पोरानं पहिलं विचारलं, "आजी कुठंय?" श्रेयानं सांगितलं, गावाला गेली. "कवा येणार?" येईल. तो मुगाचं पाणी श्रेयाच्या हातून पिईना. "आजी बोटानं देती," म्हणाला. तिनं बोटानं दिलं. तरी त्यानं तोंड फिरवलं.

शेवटी तिनं गावी फोन लावला.

"आत्याबाई, या तुम्ही. पोरगं जेवत नाय."

"नगं बाई."

"अहो, गिराणाचं काही नसतं. डॉक्टरनी सांगितलं नव्हतं का? ज्यांनी पाळलं त्यांच्याही लेकरांना होतं ते. पेशींच्या आतलं असतं. तुमची काही चूक नाय."

मग सारजाबाई म्हणाली, "आता नगं समजावू मला. तूच म्हणलीस ना, गिराणानंच झालं. माझ्या तोंडावर म्हणलीस."

"रागात म्हणले मी."

"खरं तवाच तोंडातून येतंय," सारजाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

डॉक्टरनं काढलेल्या घराचा, त्या दिवशी मागून घेतलेला कागद अजून श्रेयाच्या पिशवीत होता. तिनं तो काढून पाहिला. आपण स्वतः तरी आता हे कुणाला सांगायचं तोंड ठेवलंय का, असं तिला वाटलं.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टर मृण्मयी वॉर्डात आली. टाके पाहिले, समर्थच्या गालाला हात लावला आणि खुर्चीत श्रेयाला बसलेलं बघून तिचा चेहरा खुलला. "बघ, मी म्हटलं नव्हतं? नीट समजावून सांगितलं की लोकांना पटतं. थोडा वेळ लागतो इतकंच."

श्रेयाच्या ओठांवर आलं होतं. सगळं सांगून टाकावं, की म्याडम, तुमच्या त्या घराचा काही उपयोग झाला नाही, मी कशानं जिंकले ते विचारू नका. पण डॉक्टरचा चेहरा इतका भाबडा होता की ती म्हणाली, "व्हय म्याडम."

"मग माझं एक काम करशील? शेजारच्या खोलीत एक आई आली आहे. मुलीला अशीच गाठ आहे. फार घाबरली आहे बिचारी. मी सांगितलंय, पण तू सांगितलंस तर तिला जास्त पटेल. तुला किती छान कळलं होतं सगळं."

श्रेया कागद घेऊन गेली. एक विशी-बाविशीची पोरगी, मांडीवर झोपलेली मुलगी. कडेला तिची सासू, दाराशी नवरा. श्रेयानं कागद उलगडला. बोलायला लागली तर सगळं जसंच्या तसं तोंडातून आलं. घर, गवंडी, वाढायचा हुकूम, थांबायचा हुकूम. आपण चांगलं सांगतोय हे तिला कळत होतं. त्या पोरीचा आक्रसलेला चेहरा हळूहळू सैल झाला.

सासू मान डोलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हंजी पोटातच झालं म्हण की."

आणि तिनं मान हळूहळू सुनेकडं वळवली.

श्रेयानं कागदाची घडी घातली. "बाटली आण तुझी," ती त्या पोरीला म्हणाली. "पाणी कुठं मिळतं ते दाखवते."

मुलगी आजीच्या मांडीवर देऊन पोरगी तिच्यामागं आली. पाण्याच्या मशीनपाशी कुणी नव्हतं. श्रेयानं बाटली नळाखाली धरली.

"मी आत्ता सांगितलं ते खरं हाय," ती म्हणाली. "तुझी काही चूक नाय, हे पक्कं ध्यानात ठेव. पण ते तुझ्या घरात कुणी ऐकणार नाय. तू पोटुशी असताना तुझ्याकडनं कुणी काय करून घेतलं, कुठं धाडलं, ते आठव. समदं आठव."

पोरीनं मागं वळून पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाली, "गिराणात मला भाकरी करायला लावल्या व्हत्या. पाव्हणे आले व्हते म्हून."

"कुणी?"

"सासूबाईंनी."

"मग त्या म्हणायच्या आधी तू म्हण," श्रेया म्हणाली, "नाहीतर पास जाईल तुझा." आणि भरलेली बाटली तिनं त्या पोरीच्या हातात दिली.